बेडकाची शेपूट, कळलावीचा कंद आणि हृदयाची रक्तवाहिनी

जुलैच्या मध्यावर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या बांध्यांमध्ये रोवणी रंगात आलेली असते. पऱ्ह्यांच्या जुड्या, ओळीने वाकलेल्या बायका, पोटरीपर्यंत चिखल. आणि धुऱ्याच्या कडेला साचलेल्या कोमट पाण्यात काळ्या ठिपक्यांसारखी वळवळणारी बेडकाची पिल्ले. पुस्तकी मराठीत त्यांना भैकेर म्हणतात. धुऱ्यावर त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण तिकडे पाहायला कोणाला सवड नसते. काही दिवसांनी त्यांना पाय फुटतात, शेपूट आखूड होत जाते आणि एके दिवशी ती दिसेनाशी होते. गंमत अशी, की ती गळून पडत नाही. बांधीच्या पाण्यात तुटलेली शेपटी कधी कोणाला सापडलेली नाही. पिल्लाचे शरीरच ती जागच्या जागी विरघळवते आणि तो माल स्वतःच वापरून टाकते.

1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या दोघांना हेच कोडे पडले होते. शेपटीचा सांगाडा कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा. कातडी, कंडरा, हाडे, रक्तवाहिन्या हे सगळे त्याच दोरखंडाने बांधलेले. सहजासहजी न तुटणारे. मग शेपूट विरते कशी? त्यांनी भैकेराच्या शेपटीच्या कातडीचे बारीक तुकडे काढले आणि कोलॅजनच्या जेलीसारख्या दुधाळ थरावर ठेवले. काही वेळाने प्रत्येक तुकड्याभोवती थर विरघळून काचेसारखे स्वच्छ कडे उमटले. जिवंत पेशी कोलॅजन कापणारी कात्री बाहेर सोडतात, याचा तो पहिला ठोस पुरावा. ही कात्री म्हणजे कोलॅजनेज. तिच्या भावंडांचे कुटुंब आज मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या लांबलचक नावाने, थोडक्यात एमएमपी म्हणून, ओळखले जाते. त्या प्रत्येकीच्या पात्यात जस्ताचा एक अणू बसवलेला असतो.

हृदयविकारावरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बेडूक कशाला, असे वाचकाला वाटले तर ते रास्तच आहे. उत्तर असे, की तीच कात्री माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सापडते, आणि हृदयविकाराचा झटका ज्या क्षणी सुरू होतो त्या क्षणाची पूर्वतयारी बऱ्याचदा तिनेच करून ठेवलेली असते.

गोंदिया, तिरोडा, देवरी, आमगाव, कोठेही बसस्टँडवर हृदयविकाराचा विषय काढा. वाक्य एकच ऐकू येते, ‘नस चोक झाली.’ ही नळाची उपमा फार सोयीची आहे. वर्षानुवर्षे चरबी साचली, नळ बारीक होत गेला, एक दिवस बंद पडला. नागपूरला जाऊन साफ करून घेतला, स्प्रिंग टाकली, झाले. पाइपलाइनचे काम केलेल्या माणसाला हे चटकन पटते. पण या उपमेला एक गोष्ट उलगडत नाही. ज्याला जिना चढताना कधी दम लागला नाही, ज्याची ट्रेडमिल चाचणी ठाकठीक आली, असा पन्नाशीचा माणूस एके सकाळी घामाघूम होऊन कोसळतो कसा? 1980च्या दशकात डॉक्टरांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांची आधीची अँजिओग्राफी काढून पाहिली, तेव्हा अनेकांच्या बाबतीत गुन्हेगार ठरलेला अडथळा आधीच्या चित्रात निम्मासुद्धा नव्हता. नळ चोक झालेलाच नव्हता. मग फुटले काय?

फुटले ते झाकण. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण अडकतात, तिथेच खवट होतात. तेल जुने झाले की खवट होते, तसेच. हे खवट कण शरीराला परके वाटू लागतात आणि ते गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात. गिळून गिळून त्या फुगतात, मरतात, आणि मागे लगद्यासारखा गाभा ठेवतात. शरीर शहाणे असते. ते या घाणीवर कोलॅजनचे जाड झाकण घालते. झाकण भक्कम असेल तर माणूस तो गाभा घेऊन नव्वदीपर्यंत जगू शकतो. पण गाभ्याशेजारी तळ ठोकलेल्या पांढऱ्या पेशी तीच कात्री बाहेर सोडत राहिल्या तर झाकण कडेकडेने झिजते. शवविच्छेदनांत फुटलेल्या झाकणांची मापे घेतली तेव्हा धोक्याची रेषा साधारण 65 मायक्रोमीटरला आखली गेली. म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी जाडी. तेवढ्या पापुद्र्यावर रक्तदाब दिवसाला लाखभर वेळा आदळतो. पापुद्रा फाटला की आतला लगदा रक्ताला भेटतो, रक्त तिथे गोठते, आणि अर्ध्या तासापूर्वी धडधाकट असलेला माणूस छाती धरून बसतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, 1994 मध्ये, पीटर लिबी आणि झोरिना गॅलिस यांच्या बोस्टनमधील गटाने माणसांच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या अशा झाकणदार गाठींमध्ये ही कात्री नुसती हजर नसून कामावर असल्याचे दाखवले.

ही कात्री म्हणजे एक एन्झाइम, आणि मराठीत एन्झाइमला शालेय पुस्तकांनी ‘विकर’ हा शब्द दिला आहे. विकर आणि विकार यांच्यात फरक एका कान्याचा. भाषेने हा खेळ जाणूनबुजून केला नसेल, पण विषय त्यात नेमका पकडला जातो. विकरे वाईट नसतात. जखम भरते ती त्यांच्यामुळे, बाळंतपणानंतर गर्भाशय आवळते ते त्यांच्यामुळे, बेडकाची शेपूट जिरते तीही त्यांच्यामुळेच. बिघडते ते स्थळ आणि मुदत. चार दिवसांचे काम चाळीस वर्षे चालू राहिले की काना लागतो.

दुसऱ्या विकराची ओळख तर चिखलात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे, नावाने नसली तरी रंगाने. रोवणीत पायात काटा मोडतो, बोट ठणकते, पिकते. दाबले की निघणारा पू हिरवट असतो. ती हिरवी झाक मायलोपेरॉक्सिडेज या विकराची. स्वीडनच्या क्येल आग्नेर यांनी 1941 मध्ये ते पुवातूनच वेगळे काढले आणि रंगावरून आधी त्याला ‘वर्डोपेरॉक्सिडेज’, म्हणजे हिरवे, असे नाव दिले. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीत हा माल ठासून भरलेला असतो. जंतू दिसला की ही पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ, म्हणजे क्लोराइड, यांपासून हायपोक्लोरस आम्ल तयार करते. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकतो तेव्हा पाण्यात जंतू मारणारा पदार्थ हाच. प्रत्येकाच्या रक्तात असे अब्जावधी सूक्ष्म टीसीएल डबे फिरत असतात.

पिकलेल्या बोटात ते हवेच असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत डबा फुटला तर मात्र तिथे मारायला जंतू नसतो. मग तेच आम्ल एलडीएलला आणखी खवट करते आणि ज्याला लोक ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्या एचडीएलच्या मुख्य प्रथिनाला डागते, म्हणजे सफाई कामगाराचाच हात मोडते. रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही हे विकर खाऊन टाकते. 2003 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये छातीत दुखते म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या 604 रुग्णांचे रक्त तपासले गेले. ज्यांच्या रक्तात हे हिरवे विकर जास्त होते त्यांना पुढच्या सहा महिन्यांत मोठा धोका निघाला; हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिन चाचणी सुरुवातीला निर्दोष आली होती, त्यांच्यातसुद्धा.

इथे एक गोंधळ निस्तरलेला बरा. दवाखान्यात ‘कार्डिअॅक एन्झाइम्स पाठवा’ असे डॉक्टर सांगतात आणि नातेवाईक कागद घेऊन प्रयोगशाळेकडे पळतात. ती विकरे वेगळी. हृदयाचा स्नायू मेला की त्याच्या पेशी फुटून आतला ऐवज रक्तात सांडतो. सीपीके-एमबी हा त्यातलाच. न्यूयॉर्कमध्ये 1954 मध्ये लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी एसजीओटी हे विकर झटक्यानंतर रक्तात चढते हे दाखवले, तेव्हापासून ही परंपरा आहे. आग लागल्यावरचा तो धूर. या पानांचा विषय आहे ती काडी ओढणारी विकरे, आणि त्यांची तपासणी जिल्ह्याच्या कोणत्याही नेहमीच्या रिपोर्टवर छापून येत नाही.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तलावांचा, धानाचा, राइस मिलचा, तेंदूपानांचा जिल्हा. बिडीने गोंदिया शहराला पैसा दिला, मुंबई-हावडा मार्गाने बाजार दिला. 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तरी हृदयाचा मोठा उपचार म्हटला की अजूनही अनेकांच्या तोंडी नागपूर असते, आणि ते रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर दूर. सालेकसा किंवा देवरीच्या आतल्या गावातून निघालेल्या रुग्णाला आधी गोंदियाच गाठायला वेळ लागतो. त्यातही पहिले दोन तास बहुतेक वेळा ‘गॅस झाला’ या निदानात जातात. सोडा पिऊन होतो, पाठ चोळून होते.

तंबाखूचे दोन अवतार इथे नांदतात. एक बिडी, दुसरा खर्रा. पानठेल्यावर सुपारीचा कीस, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून तळव्याखाली घासला जातो. पोरे शाळेच्या रस्त्यावर ते पाहत मोठी होतात. ‘खर्रा म्हणजे काही धूर नाही, छातीला काय होणार?’ हा प्रश्न बुजुर्गही विचारतात. 52 देशांतल्या 27 हजारांहून अधिक लोकांच्या इंटरहार्ट अभ्यासाने 2006 मध्ये त्याचे उत्तर आकड्यात दिले. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्यांत पहिल्या झटक्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट, आणि नुसता तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून जास्त. त्याच अभ्यासाने हेही दाखवले, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर येतो.

खर्ऱ्याची एक विचित्र करणी इथे सांगायलाच हवी. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे होते. गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे येतात, भाकरीचा घास जाईना होतो. हे पट्टे कोलॅजनचे. सुपारीतला अर्क कोलॅजन जास्त बनवायला लावतो आणि ते कापणारी कात्री बोथट करतो. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडात कोलॅजन गरजेपेक्षा जास्त साचते आहे, कारण कात्री चालत नाही. आणि त्याच माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत झाकण पातळ होत असू शकते, कारण तिथे कात्री जास्त चालते. विकरांचा विषय ‘कमी चांगले, जास्त वाईट’ अशा सरळ हिशेबात का बसत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आणखी एक समज. धानाच्या शेतात राबणारा इथला माणूस काटक, सडपातळ. त्याला कशाला हृदयविकार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मिश्कील फोटो छापून धक्का दिला. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. वरून बारीक, आतून चरबीदार. पोटातली ही चरबी गप्प बसत नाही. ती दाहाचे रासायनिक निरोप रक्तात सोडत राहते आणि पांढऱ्या पेशींना कायम कामावर ठेवते. काटकपणा वजनकाट्यावर मोजून भागत नाही, हे पुण्याहून आलेले ज्ञान गोंदियात अजून पुरते उतरलेले नाही.

मग सरळ उपाय सुचतो: विकर बंद करा. हे एकदा फार झकास जमले आहे. अॅस्पिरिन दुखणे कसे थांबवते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये उलगडले, 1982 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. अॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या विकराला कायमची खीळ घालते. रक्तातल्या प्लेटलेट पेशींना केंद्रक नसते, म्हणून त्या नवे विकर बनवू शकत नाहीत. एक छोटी गोळी त्यांना त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी, आठ-दहा दिवस, निकामी करते. 1988 मध्ये 17,187 रुग्णांवरील इसिस-2 चाचणीत झटक्यानंतर दिलेल्या अॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी कमी केले, आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजबरोबर दिल्यावर 42 टक्क्यांनी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘गोळी चावून खा’ असे सांगतात ते याच्याच जोरावर. अर्थात रक्तस्राव होणाऱ्याला किंवा अल्सर असलेल्याला तीच गोळी महागात पडू शकते, तेव्हा ती डॉक्टरच्या सांगण्यावरून.

पुढच्या स्वाऱ्या फसल्या. सायक्लोऑक्सिजनेजच्या दुसऱ्या भावंडाला अडवणारे व्हायॉक्स सांधेदुखीसाठी जगभर खपले आणि झटके वाढवते म्हणून 30 सप्टेंबर 2004 रोजी बाजारातून मागे घ्यावे लागले. नंतर पाळी आली एलडीएलच्या पाठीवर बसून भिंतीत शिरणाऱ्या फॉस्फोलायपेज ए2 या विकराची. ते खवट चरबी कापते आणि त्या तुकड्यांच्या वासाने, म्हणायचे तर, आणखी पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्याला अडवणारे डाराप्लाडिब हे औषध 2014 मध्ये 15,828 रुग्णांच्या एका चाचणीत आणि 13,026 रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत पडले. झटके थांबले नाहीत. त्याच्या चुलत विकराला अडवणारे व्हॅरेस्प्लाडिब त्याहून वाईट निघाले. ते घेणाऱ्यांत झटके जास्त दिसले आणि चाचणी 2012 मध्ये मध्येच थांबवावी लागली. रक्तात एखादी गोष्ट वाढलेली दिसली म्हणून ती दाबली की रोग हटतो, हा तर्क औषध कंपन्यांना अब्जावधींना पडला.

तरी दाह हाच मुद्दा आहे की नाही, ही शंका फिटली ती 2017 मध्ये. कोलेस्टेरॉलचे स्फटिक गिळलेल्या पेशीत कॅस्पेज-1 हे विकर जागे होते आणि इंटरल्यूकिन-1 बीटा या दाहाच्या दूताला कापून मोकळे करते. त्या दूताला पकडणारे कॅनाकिनुमॅब 10,061 रुग्णांवर वापरले गेले. कोलेस्टेरॉल तसेच राहिले, पण 150 मिलिग्रॅमच्या डोसने झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी घटले. दाह खरोखर दोषी होता. औषध मात्र प्रचंड महाग, आणि जीवघेणे संसर्गही त्याने थोडे वाढवले.

इथे गोंदियाचे जंगल गोष्टीत शिरते. पावसाळ्यात जंगलाच्या कडेला झुडपांवर चढणारी एक वेल फुलते. पाकळ्या उलट्या वळलेल्या, तळाशी पिवळ्या, टोकाला लाल, जशी ज्योतच. पानाचे टोक वळून शेजारच्या फांदीला विळखा घालते. ही कळलावी. नावातच तिची कीर्ती आहे. कळा आणण्यासाठी तिचा कंद सुइणी वापरत. त्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते, आणि ते इतके जहाल, की थोडा कंद पोटात गेला तरी माणूस दगावतो. गाऊटसाठी हे द्रव्य शतकानुशतके वापरात आहे. 0.5 मिलिग्रॅमच्या, मोजून बनवलेल्या गोळीत ते न्यूट्रोफिलला जागेवरून हलणे अवघड करते, म्हणजे टीसीएलचा डबा भिंतीपर्यंत पोचूच देत नाही, आणि कॅस्पेज-1चे यंत्र जुळण्यातही अडथळा आणते. 2019 मध्ये झटका येऊन गेलेल्या 4,745 रुग्णांत त्याने पुढचे हृदयाचे प्रसंग 23 टक्क्यांनी कमी केले, 2020 मध्ये 5,522 जुन्या रुग्णांत 31 टक्क्यांनी. जून 2023 मध्ये अमेरिकेने त्याला हृदयासाठी मान्यता दिली. लगेच 2024 मध्ये 7,062 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, ताज्या झटक्यानंतर, काहीच फायदा दिसला नाही. हृदयरोगतज्ज्ञांत यावर अजून भांडण चालू आहे आणि ते मिटल्याचे भासवण्यात अर्थ नाही. एवढे मात्र निर्विवाद: गोळी ही गोळी, कंद हा कंद. जंगलातून कळलावी उपटून आणून काढा करणाऱ्याला पुढच्या पानांतले काही वाचायची वेळ येणार नाही.

आणि ते पडलेले व्हॅरेस्प्लाडिब? हृदयातून हाकलले गेल्यावर ते कपाटात धूळ खात पडले असते. पण फॉस्फोलायपेज ए2 हे विकर आणखी एका ठिकाणी ठासून भरलेले असते: सापाच्या विषात. घोणस, मण्यार, नाग, सगळ्यांच्या. स्नायू विरघळवणारे, रक्ताचा साकळण्याचा धर्म बिघडवणारे, मज्जातंतूंचे टोक बंद पाडणारे. भारत आणि अमेरिकेतील रुग्णालयांत सर्पदंशाच्या 95 रुग्णांना नेहमीच्या प्रतिविषाबरोबर व्हॅरेस्प्लाडिब देऊन पाहिले गेले. 2024 मध्ये निष्कर्ष छापून आले. मुख्य निकषावर ठळक फरक नव्हता, मात्र दंशानंतर पहिल्या काही तासांत औषध मिळालेल्यांत कल बरा दिसला. प्रतिविष सुईतून द्यावे लागते, त्याला दवाखाना लागतो. ही गोळी गिळता येते. देवरीच्या पलीकडे संध्याकाळी धुऱ्यावर पाय पडून घोणस डसली, आणि दवाखान्याची वाट दीड-दोन तासांची असली, तर त्या वाटेवर तोंडात टाकायला काही असावे, म्हणून संशोधक आता तिच्याकडे पाहत आहेत.